‘भंगार माझं, काम फुकट’ : जुन्या तेलटाक्यांविषयी वाचकांचे प्रश्न

पाइप गॅस आल्यापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि वागळे इस्टेटमधल्या अनेक बॉयलरांनी तेल सोडलं. टाक्या मात्र जमिनीखाली तशाच राहिल्या. आता कुणाला त्या जागी शेड बांधायची आहे, कुणाला प्लॉट विकायचा आहे. टाकी काढायला ठेकेदार कसा निवडावा, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचं कापडप्रक्रियेचं युनिट आहे. बॉयलर पाइप गॅसवर घेतल्यामुळे २० किलोलिटरची जमिनीखालची फर्नेस ऑइलची टाकी पडून आहे. एक ठेकेदार म्हणतो, ‘भंगार माझं, काम फुकट, तीन दिवसांत जागा मोकळी.’ दुसरा गाळ, साफसफाई, क्रेन यांचे वेगवेगळे पैसे लावतो आणि भंगाराचे पैसे आम्हाला देऊ म्हणतो. एवढा फरक कसा?

आधी टाकीचं वजन काढा. २० किलोलिटरची आडवी टाकी साधारण २ मीटर व्यासाची आणि ६.४ मीटर लांब असते. तिच्या पत्र्याचं क्षेत्रफळ दोन्ही झाकणं धरून ४६ चौरस मीटरच्या आसपास भरतं. ६ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला ४७ किलो. म्हणजे सव्वादोन टनांच्या आत. मॅनहोल, पाइप, आतली हीटिंग कॉइल धरली तर अडीच टन. याला त्या दिवशीच्या भंगाराच्या दराने गुणा. फुकट काम करणाऱ्याची एकूण कमाई तेवढीच. त्यातून त्याला पोकलेन, हायड्रा (फिरती क्रेन), सहा-सात माणसांची मजुरी, ट्रक आणि गाळाची विल्हेवाट भागवायची आहे. हा हिशेब बसत नाही, म्हणून काही खर्च गाळले जातात. नेहमी गाळले जातात ते दोनच : गाळाची विल्हेवाट आणि टाकी गॅसमुक्त करण्याचं, म्हणजे आतलं तेल आणि त्याची वाफ पूर्ण काढण्याचं काम.

गाळ रात्री नाल्यात जातो. आपल्या पट्ट्यातले नाले ठाणे खाडीला मिळतात, आणि ती खाडी २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. टाकी खड्ड्यातच गॅसकटरने कापली जाते, कारण तुकडे केले की मोठी क्रेन लागत नाही. माणसं मरतात ती याच टप्प्यावर. भंगार ठेकेदाराला पैसे लोखंड ट्रकमध्ये चढल्यावरच मिळतात, म्हणून त्याला घाई असते. त्याची वृत्ती वाईट आहे असं नाही. तुम्ही दिलेला सौदाच त्याला घाईकडे ढकलतो.

जबाबदारी ठेकेदारावर ढकलता येईल, असंही समजू नका. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत भोगवटादार म्हणजे तुम्ही. तेलाचा गाळ तुमच्या आवारात तयार झाला, तर तो अधिकृत ठिकाणी पोचेपर्यंत तो तुमचाच असतो.

म्हणून सौदा दोन भागांत तोडा. टाकी रिकामी करणं, साफ करणं, उचलणं आणि खड्डा भरणं ही एक वर्क ऑर्डर. भंगाराची विक्री हा दुसरा व्यवहार, वजनकाट्याच्या पावतीवर आणि वेगळ्या बिलाने. काम घेणाऱ्यालाच भंगार विकायचं असेल तर विका, पण एकाची रक्कम दुसऱ्यातून वळती करू नका. कामाचे पैसे टप्प्याने द्या. आमच्या मते ही विभागणी रास्त आहे : माणसं आणि यंत्रं जागेवर आली की २० टक्के, टाकी साफ होऊन गाळाची वजनपावती हातात आली की ३०, टाकी बाहेर निघाली की ३०, आणि उरलेले २० मॅनिफेस्टची, म्हणजे घातक कचऱ्यासोबत जाणाऱ्या वाहतूक-कागदाची, प्रत परत आल्यावर. शेवटचा हप्ता अडलेला असला की कागद वेळेत येतात.

एक काम मात्र ठेकेदार येण्याआधी तुम्हीच करायचं. टाकीतल्या कॉइलला जाणारी वाफेची लाइन तोडू नका. बॉयलर गॅसवर गेला तरी वाफ तीच आहे. थंड फर्नेस ऑइल डांबरासारखं बसतं आणि पंप ते ओढत नाही. कॉइलमधून वाफ सोडून तेल ६० अंशांपर्यंत आणलं की बहुतेक तेल पंपाने निघतं आणि फावड्याने काढायचा गाळ निम्म्याहून कमी होतो. लाइन आधीच कापलेली असली तर बाहेरून वाफ आणण्याचा खर्च तुमच्याच माथी येतो.

प्रश्न : डिप रॉड (तेल मोजायची दांडी) टाकला तर तळाला १५ सेंटिमीटर गाळ लागतो. टाकी वरच्यासारखीच, २० किलोलिटरची. ठेकेदार १,५०० लिटर गाळ धरून दर देतो. बरोबर आहे का?

नाही. त्याने उंचीचं सरळ प्रमाण लावलं : २०० सेंटिमीटरला २०,००० लिटर, तर १५ ला १,५००. आडवी टाकी गोल असते, तळाला ती अरुंद होते. २ मीटर व्यास आणि ६.४ मीटर लांबीच्या टाकीत तळाचे १५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ६८५ लिटर. २० सेंटिमीटर असते तर १,०५० च्या जवळ गेलं असतं. टाकीसोबत मिळालेला कॅलिब्रेशन चार्ट असेल तर त्यावरूनच वाचा.

पण घाईने समाधान मानू नका. टाकी मुद्दाम एका टोकाला उतार देऊन बसवलेली असते. डिप पाइप ज्या टोकाला आहे तिथलं माप दुसऱ्या टोकाला लागू पडत नाही. मॅनहोल उघडल्यावर दुसऱ्या बाजूनेही माप घ्या. रॉडच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावा, म्हणजे पाण्याचा थर किती ते वेगळं कळेल. आणि दर लिटरवर ठरवूच नका. वजनकाट्यावर भरलेल्या किलोवर ठरवा, कमी-जास्त झालं तर त्याच दराने.

प्रश्न : ठेकेदाराने गॅस मीटर लावून दाखवला. ज्वलनशील वायू शून्य, ऑक्सिजन २०.९ टक्के. तो म्हणतो, आता कापायला हरकत नाही, फर्नेस ऑइल तसंही पेट घेत नाही. तुमचं म्हणणं काय?

काम थांबवा. मीटर खोटं बोलत नाही, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. या घडीला टाकीतल्या हवेत वाफ किती, एवढंच तो सांगतो. फर्नेस ऑइलचा ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) ६६ अंश किंवा त्याहून जास्त असतो, त्यामुळे थंड टाकीत ते फारशी वाफ सोडत नाही आणि काटा शून्यावर राहतो. कटरची ज्योत पत्र्याला लागली की आतल्या बाजूला चिकटलेला तेलाचा थर तापतो आणि त्याची वाफ होते. बंद टाकीत ती वाफ साठते. काही मिनिटांत हवेतलं प्रमाण पेट घेण्याजोगं होतं, आणि ज्योत तर तिथेच आहे. ‘जड तेल पेटत नाही’ या समजुतीने पेट्रोलच्या टाकीपेक्षा जड तेलाच्या टाकीवर माणूस जास्त बेफिकीर होतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३७ मध्ये म्हणूनच स्पष्ट म्हटलं होतं की, ज्वलनशील पदार्थ असलेल्या किंवा पूर्वी कधी असलेल्या टाकीवर, तो पदार्थ आणि त्याची वाफ काढल्याशिवाय उष्णतेचं काम करायचं नाही. ‘पूर्वी कधी असलेल्या’ हे शब्द वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

म्हणजे कसोटी दोन आहेत. मीटर शून्य हवा, आणि आतला पत्रा हाताला कोरडा लागायला हवा. पांढरं फडकं पत्र्यावर फिरवा. काळं झालं तर साफसफाई बाकी आहे. कॉइलच्या खालची बाजू आणि मॅनहोलच्या गळ्याची आतली कड इथे तेल हमखास राहतं. कॉइल आणि सक्शन पाइपच्या आतही तेल असतं, ते बाहेरून दिसत नाही. पाइप आधी फ्लँजवर (बोल्टच्या जोडावर) सोडवून खाली करायचे, कापायचे नाहीत.

आमचा सल्ला असा की, तुमच्या आवारात टाकी कापूच देऊ नका. अख्खी उचला, उघडी तोंडं ब्लँक फ्लँजने (बिनछिद्र झाकणाने) बंद करा, पण वरच्या बाजूला एक लहान छिद्र मोकळं ठेवा, म्हणजे उन्हाने आतला दाब वाढणार नाही. कापायची ती भंगार प्रक्रिया करणाऱ्याच्या यार्डात, साफ केल्याचा दाखला सोबत देऊन. जागा अडचणीची असल्याने कापावीच लागली तर पाणी सोडत चालणारी एअर करवत किंवा हायड्रॉलिक कातर वापरा. ग्राइंडरला ‘कोल्ड कटिंग’ म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण त्याच्या ठिणग्या गॅसकटरइतक्याच धोक्याच्या आहेत.

मीटरबद्दल आणखी एक. टाकीत कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) किंवा नायट्रोजन सोडला असेल, तर नेहमीचा उत्प्रेरक सेन्सर ज्वलनशील वायू कमी दाखवतो, कारण त्याला चालायला ऑक्सिजन लागतो. त्यामुळे आधी ऑक्सिजन वाचायचा, मग ज्वलनशील वायू, मग विषारी हायड्रोजन सल्फाइड. वर, मधे, तळाला असं तीन उंचीवर वाचायचं. माणूस आत उतरणार असेल तर ऑक्सिजन किमान १९.५ टक्के, ज्वलनशील वायू खालच्या ज्वलनमर्यादेच्या (हवा पेट घ्यायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांच्या आत आणि हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या आत हवा. नुसता वास घेऊन ठरवू नका. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या पुढे गेला की नाक बधिर होतं, मग वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं गॅस निघून गेला. गाळ ढवळला की आत अडकलेला वायू सुटतो, म्हणून उतरण्याआधी एकदा वाचून भागत नाही. मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर चालू राहिला पाहिजे.

मॅनहोलवर एक माणूस शेवटपर्यंत बसून राहायला हवा. त्याला दुसरं काम द्यायचं नाही. ट्रायपॉड, विंच आणि उतरणाऱ्याच्या अंगावर पूर्ण हार्नेस, म्हणजे आत न उतरता त्याला वर ओढता येईल. बंदिस्त टाक्यांच्या अपघातांत पहिल्या माणसामागून त्याला वाचवायला धावलेला दुसरा आणि तिसराही जातो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क इथे काहीच कामाचा नाही. हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा नको आणि फ्लेमप्रूफ हवा. हवा खेळवायला ब्लोअर लावा, ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही नाही. कुणीतरी ‘आत गुदमरतंय’ म्हणून ऑक्सिजन सोडतो. मग तेलाचे कपडे एका ठिणगीने पेटतात.

प्रश्न : घोडबंदर रोडवरची आमची सोसायटी. तळघरात जनरेटरची ९९० लिटरची डिझेल टाकी आहे, ती काढून नवा जनरेटर वर बसवायचा आहे. भंगारवाला सोडून दुसरा कुणी लागतो का?

९९० हा आकडा योगायोगाचा नाही. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलच्या वर्गातलं इंधन एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एकाही भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसेल तर साठवणुकीचा परवाना लागत नाही. म्हणून बाजारात टाक्या ९९० च्या येतात. परवाना नसल्याने परत करायचाही काही नाही. धोका मात्र तोच आहे, उलट तळघरामुळे जास्त. डिझेलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती लिफ्टच्या खड्ड्यात आणि गटाराच्या चेंबरमध्ये उतरते.

भंगारवाला आणा, पण शेवटी. आधी जनरेटर बसवणाऱ्या किंवा देखभाल करणाऱ्या ठेकेदाराकडून बॅटरी आणि वायरिंग सोडवून घ्या. मग डिझेल २०० लिटरच्या पिंपांत काढा. टाकी भरलेली असेल तर पाच पिंपं. हाताने फिरवायचा रोटरी पंप पुरतो. पाण्याची मोटर अजिबात नाही. पिंप आणि टाकी तांब्याच्या तारेने जोडून अर्थ करा. नळ तळापासून ४ सेंटिमीटर वर असेल, तर १.१ बाय १ मीटरच्या तळात नळाखाली ४४ लिटर उरतात. ‘रिकामी केली’ म्हणून टाकी आडवी केली की तेच जिन्यावर सांडतात. ते मॅनहोलमधून काढा, तळ लाकडाच्या भुशाने पुसा, भुसा वेगळ्या पिंपात भरा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या डिझेलमध्ये पाणी आणि काळा, शेवाळासारखा चिकट थर असतो. असं डिझेल सुरक्षारक्षकाच्या बाइकला किंवा टँकरवाल्याला देऊ नका. वापरलेलं तेल घेणाऱ्या अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राची पावती घ्या.

३ मिलिमीटर पत्र्याची रिकामी टाकी १४०–१५० किलोची असते. सहा माणसं आणि चेन पुलीवर ती रॅम्पने वर येते. टाकी बसवल्यानंतर दार किंवा भिंत बांधली गेली असेल, तर आधी दाराची मापं घ्या. बसत नसेल तर दाराची चौकट काढा, टाकी कापू नका. कापण्यासाठी भंगारवाला सिलिंडर घेऊन तळघरात उतरला, तर कमिटीने त्याला तिथेच थांबवावं.

प्रश्न : आमच्या पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात काम गावातल्याच ठेकेदाराला द्यावं असा आग्रह आहे. त्याच्याकडे जेसीबी आणि डंपर आहेत, पण टाकीचं काम त्याने केलेलं नाही.

ज्यांच्या जमिनीवर हा औद्योगिक पट्टा उभा राहिला, त्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांना कामात वाटा हवा, ही मागणी रास्त आहे. ती टाळू नका, काम विभागा. खोदाई, राडारोडा, मुरूम आणणं, खड्डा भरून दाबणं हे काम गावच्या ठेकेदाराकडे द्या. खर्चाचा मोठा भाग तोच असतो, आणि तो त्याला उत्तम जमतो. कुठे भराव आहे, कुठे कातळ लागेल, जुना नाला कुठून जात होता, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. तेल काढणं, गाळ, गॅसमुक्ती आणि उचलणी ज्याने ही कामं केली आहेत त्याच्याकडेच द्या. दोघांच्या मधली रेघ लिहून ठेवा : टाकीचा माथा दिसेपर्यंत एक, तिथून टाकी ट्रकवर चढेपर्यंत दुसरा, पुढे पुन्हा पहिला. माथ्यावरचे शेवटचे ३० सेंटिमीटर हाताने खोदायचे. जेसीबीच्या दातांनी गंजलेला पत्रा फोडला की गाळ मातीत उतरतो आणि चूक कुणाची यावर वाद सुरू होतो.

टाकीचं काम करणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. गॅस मीटर शेवटचा कधी कॅलिब्रेट केला, कागद दाखवा. माणसांचा विमा किंवा ईएसआयसी कुठे आहे आणि त्यात उद्या येणाऱ्यांचीच नावं आहेत का. गाळ कुठे जाणार, आणि वाहतूकदाराला प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता आहे का. तिसऱ्या प्रश्नावर ‘त्याची काळजी करू नका’ असं उत्तर आलं, तर पुढचं बोलणं थांबवा.

खोदाईआधी महानगर गॅस, महावितरण आणि एमआयडीसीच्या पाण्याच्या लाइनची माहिती घ्या. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर नोंद करता येते, पण प्लॉटच्या आतल्या लाइन त्यात दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी तुमचा जुना नकाशा आणि जुना फिटरच लागेल.

प्रश्न : तुर्भ्याला खाडीच्या बाजूला प्लॉट. टाकी मे महिन्यात रिकामी करून ठेवावी आणि उचलणी पावसाळ्यानंतर करावी, असा विचार आहे. चालेल का?

नाही चालणार. रिकामी टाकी पाण्यात तरंगते. भोवतालची जमीन पाण्याने भरली की २० किलोलिटरच्या टाकीला सुमारे २० टनांचा वरचा रेटा मिळतो. टाकीचं स्वतःचं वजन अडीच टन. वर ९० सेंटिमीटर माती असली तर ती पाण्यात बुडाल्यावर जेमतेम १० टनांची उरते. वर जाड स्लॅब किंवा तळाला बांधलेले पट्टे नसतील, तर जुलैच्या एखाद्या रात्री टाकी फरशी फोडून वर येते आणि सोबत पाइपही तोडते. आत तेल होतं तोवर ते वजन टाकीला धरून होतं.

म्हणून रिकामी करणं आणि उचलणं यांच्यात आठवड्यापेक्षा जास्त अंतर ठेवू नका. काम दिवाळी ते एप्रिल या काळात बसवा. पावसाळ्याआधी जमत नसेल तर टाकीला हातच लावू नका. काम सुरू झालं आणि अडकलं तर नाइलाजाने टाकीत पाणी भरून ठेवावं लागतं, आणि मग ते २० हजार लिटर तेलकट पाणी हा नवा खर्च होतो.

खाडीकाठी हिवाळ्यातही खड्ड्यात पाणी भरतीबरोबर चढतं. कोळी मंडळी ज्याला भांग म्हणतात, त्या अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या दिवसांत खोदाई ठेवा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा. खड्ड्याच्या कोपऱ्यात सम्प (पाणी साठायचा लहान खड्डा) काढून पंप लावा, पण त्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर ते पावसाळी गटारात सोडू नका. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याच्या बाजूंना उतार द्या किंवा आधार लावा. माती काठापासून किमान दीड मीटर लांब टाका, आणि हायड्राही काठावर उभी करू नका.

हायड्राची क्षमता तिच्या नावावर जाऊन समजू नका. ‘१४ टनी’ ही क्षमता बूम अगदी जवळ असताना. काठापासून मागे उभं राहून सहा-सात मीटर बूम लांबवली की ती काही टनांवर येते. त्यात चिकणमाती टाकीला खाली धरून ठेवते आणि आत राहिलेला गाळ एका टोकाला सरकतो. ऑपरेटरकडून लोड चार्ट मागा. टाकी मॅनहोलच्या गळ्याला किंवा पाइपला बांधून उचलायची नाही. जुने हुक गंजलेले असतात, दोन रुंद बेल्ट पोटाखालून घ्या.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमची टाकी शेडच्या खांबाला लागून आहे. काढली तर पाया हलेल असं इंजिनियर म्हणतो. वाळू भरून ठेवली तर?

पाया धोक्यात येत असेल तर भरून बंद करणं योग्यच. साफसफाई आणि गॅसमुक्तीत मात्र एक रुपयाचीही सूट नाही. पाइप सगळे काढून तोंडं बंद करा. कोरडी वाळू एका मॅनहोलमधून टाकली की ती त्याखाली ढीग करून बसते, दोन्ही टोकं पोकळ राहतात. काही वर्षांनी पत्रा गंजतो आणि वरची फरशी खचते. पातळ सिमेंट-वाळूचं मिश्रण पंपाने भरा, किंवा वाळू पाण्याने धुवत टोकांपर्यंत न्या. व्हेंट पाइप भरेपर्यंत उघडा हवा, नाहीतर हवा आत अडकते. किती घनमीटर गेलं ते मोजत राहा. २० घनमीटरच्या टाकीने १६ ला तोंड भरलं, तर चार घनमीटर पोकळी कुठेतरी आहे. शेवटी इमारतीच्या नकाशावर टाकीची जागा खूण करून ठेवा.

प्रश्न : टाकी निघाली, पण खालची माती काळी आहे आणि वास येतो. ठेकेदार म्हणतो, वर मुरूम टाकून दाबून टाकू.

दाबू नका. पुढे प्लॉटच्या व्यवहारात कुणी बोअर घेतला की तीच माती वर येते आणि तेव्हा ती कैक पटीने जास्त असते. काळी माती जाड प्लास्टिकवर वेगळी काढा, झाकून ठेवा, चांगल्या मुरमात मिसळू देऊ नका. गळती कुठून झाली ते आधी शोधा. काळेपणा फक्त फिल पाइपखाली असेल तर टँकर भरताना सांडलेलं तेल, आणि ते उथळ असतं. टाकीच्या तळाखाली लांबवर असेल तर पत्र्याला भोकं आहेत. टाकी पालथी करून पाहा, भोकं बहुधा डिप रॉड वर्षानुवर्षं आपटतो त्या जागी सापडतात.

घरगुती पारख : काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवा, तवंग दिसला की अंदाज आला. निर्णयासाठी मात्र एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनची तपासणी द्या. नमुने टाकीच्या दोन्ही टोकांखालून, फिल पाइपखालून आणि पाइपलाइनच्या जोडांखालून, खड्ड्याच्या तळापासून ३० सेंटिमीटर खालचे घ्या. काचेच्या बरण्यांत गच्च भरून बर्फाच्या पेटीत पाठवा.

माती घनमीटरला दीड ते पावणेदोन टन भरते, त्यामुळे तेलकट मातीच्या विल्हेवाटीची रक्कम पटकन फुगते. तेलकट माती निघालीच तर प्रतिटन दर काय, हे कामाआधीच वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्यायला हवं. खड्डा उघडा असताना तुमच्या हातात घासाघीस करायला काही नसतं. आता उशीर झाला असेल तर तळोज्याच्या सामायिक घातक कचरा केंद्राचा दर स्वतः विचारा आणि ठेकेदाराला फक्त वाहतुकीचे पैसे द्या.

प्रश्न : कळंबोलीला आमच्या वाहतूक कंपनीचा स्वतःच्या गाड्यांसाठी १५ किलोलिटरचा डिझेल पंप होता. टाकी काढल्यावर कोणते कागद हातात असावेत?

तुमच्याकडे पेसोचा (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचा) परवाना असणार. टाकी काढण्याआधी कळवा आणि काढल्यावर तो परत करा. पश्चिम विभागाचं कार्यालय सीबीडी बेलापूरलाच आहे. परवाना तसाच ठेवला तर कागदोपत्री टाकी अजून तिथेच राहते. फर्नेस ऑइल वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी : ते पेट्रोलियम कायद्याच्या ‘क’ वर्गात मोडतं आणि ४५,००० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात इंधन बदललं असल्याची दुरुस्ती करून घ्यावी लागते.

डिझेलची टाकी अख्खी न्यायची असेल तर वाटेत ती निष्क्रिय राहावी म्हणून आत कोरडा बर्फ टाकतात : हजार लिटरला साधारण १.८ किलो, म्हणजे तुमच्या टाकीला २७ किलो. तो बारीक फोडून तळभर पसरायचा. त्यानंतर त्या टाकीत कुणीही डोकावायचं नाही, आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. अवजड वाहनांच्या वेळेची बंधनं वाहतूक पोलिसांच्या चालू अधिसूचनेत बघून ट्रक बोलवा. भरलेला ट्रक दुपारभर उन्हात आवारात उभा राहू नये.

कागदांत गाळाचा आणि तेलकट पाण्याचा नमुना १० मधला मॅनिफेस्ट, त्यावर केंद्राने माल मिळाल्याची केलेली सही आणि वजन; टाकी साफ केल्याचा तारीख-वेळेसह दाखला, मीटरच्या वाचनासकट; भंगाराची वजनपावती आणि बिल; खड्ड्याचे भरण्याआधीचे फोटो आणि मातीचा अहवाल एवढं हवं. गाळ आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि ३० जूनपर्यंत भरायच्या वार्षिक विवरणात, म्हणजे नमुना ४ मध्ये, तो दाखवावा लागतो. मॅनिफेस्टवरचं वजन आणि काट्याच्या पावतीवरचं वजन जुळतं का, ते शेवटचा हप्ता देण्याआधी स्वतः ताडून पाहा.